एका डोळ्यात दोन कामं

डोळ्याच्या दवाखान्यात किस्से का साठतात, सांगू? डोळ्यावर पट्टी बांधली की माणसाला वाटतं, आजूबाजूला कुणी नाही. मग तो मनातलं बोलतो आणि आम्ही सिस्टर लोक ऐकतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या मॅडम मोतीबिंदू आणि काचबिंदू एकाच ऑपरेशनमध्ये करतात. हात असा हलका की बघत राहावं! बोलायला मात्र फटकळ. पेशंटला खूश करायला खोटं बोलणार नाहीत.

* * *

गगनबावड्याचे आप्पा आले. एक डोळा काचबिंदूनं गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू, वर दाबही वाढलेला. मॅडमनी समजावलं, मोतीबिंदू काढून नवी लेन्स बसवू, आतल्या पाण्याला बारीक वाट करू म्हणजे दाब उतरेल. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखू.

आप्पा म्हणाले, "म्हंजे खिडकीला काच नवी, आन् तुंबल्याली मोरी बी मोकळी. गवंडी एकदाच बोलवायचा की!"

तेव्हापासून आमच्याकडं या ऑपरेशनला 'काच-मोरी' म्हणतात. मॅडमसुद्धा.

* * *

एक रिटायर्ड फौजी होते. टेबलावर हलायचं नाही, बोलायचं नाही, असं मॅडमनी बजावलेलं. ऑपरेशन झालं, पट्टी बांधली, तरी गडी तसाच ताठ. मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, झालं, आता बोला.

"मगापासनं नाक खाजतंय. ऑर्डर न्हवती."

* * *

मलकापूरचा जीपवाला ऑपरेशननंतरच्या तपासणीला पेढे घेऊनच आला. सगळं दिसतंय म्हणाला. मॅडमनी तपासून सांगितलं, समोरचं दिसतंय, बाजूचं नाही, आणि ते येणारही नाही.

तो हिरमुसला. "जरा खोटं तरी बोला की, मॅडम."

"बोलले असते. पण तुम्ही जीप घेऊन घाटात जाल."

त्यानं किल्ली तिथंच सोबत आलेल्या भावाच्या हातात दिली. पेढे मात्र ठेवून गेला.

* * *

आता पुन्हा आप्पा. त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, शेवंताकाकूंचं, दिवसभर भांडण, वेटिंगमध्येसुद्धा. पण दाबाचे थेंब घालायची वेळ झाली की काकू पदर खोचून म्हणायच्या, "वर बगा." आप्पा मुकाट्यानं मान वर करायचे आणि काकू त्यांची हनुवटी धरायच्या. वर्षानुवर्षं हे चाललेलं.

ऑपरेशन झकास झालं. दाब उतरला, नंतरची औषधंही संपली. मॅडम म्हणाल्या, आप्पा, नजर राखली. तपासायला येत राहा, पण थेंब आता बंद.

काकू बाहेर एस.टी.ची चौकशी करत होत्या. आप्पांनी दाराकडं बघितलं.

"मॅडम, हिला सांगू नका."

"काय?"

"थेंब बंद झाल्यालं."

मी मॅडमकडं बघितलं. खोटं तर त्या बोलणार नाहीत. त्यांनी आप्पांचा डोळा पुन्हा नीट तपासला, थोडा कोरडा आहे म्हणाल्या आणि डोळा ओला ठेवायचे साधे थेंब लिहून दिले. रोज एकदा. त्याखाली लिहिलं, 'पत्नीने घालावेत.'