एक्केचाळीस आठवडे आणि तीन सह्या

"मॅडम, समिती गुरुवारी बसते," साहेब म्हणाले. त्या दिवशी मंगळवार होता आणि प्रतिभाच्या पोटातलं बाळ कालपासून कमी हलत होतं.

साहेब म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयाचे अधीक्षक. मी तिथली स्त्रीरोगतज्ज्ञ. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. प्रतिभा लाखनीपलीकडच्या एका गावची. घरचा धंदा तलावातल्या मासेमारीचा, बाळंतपण दुसरं. सुरुवातीच्या सोनोग्राफीप्रमाणे तिचे एक्केचाळीस आठवडे उलटून दोन दिवस झाले होते.

चाळीस आठवडे म्हणजे पूर्ण दिवस. त्यानंतर वार, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणारा अवयव, थकत जाते. बहुतेक बाळं तरीही सुखरूप येतात. एखाद्याचे ठोके मात्र पोटातच थांबतात, आणि ते कोणतं बाळ हे आधी कळत नाही. म्हणून एक्केचाळीस आठवडे झाले की आम्ही औषधाने कळा सुरू करतो. याला इंडक्शन म्हणतात.

आमच्याकडे इंडक्शन फार होतात, असं मासिक मीटिंगमध्ये निघालं. का होतात, हे कोणी विचारलं नाही. समिती नेमली. प्रत्येक इंडक्शनला तीन सह्या: साहेबांची, माझी आणि जिल्ह्याहून येणाऱ्या एका मॅडमची. त्या मॅडम तेव्हा बुधवारपर्यंत ट्रेनिंगला गेल्या होत्या. विषय होता, 'निर्णयातला विलंब कसा टाळावा'.

"दोनच दिवस तर आहेत," साहेब म्हणाले. "थांबलं तर काय बिघडतं?"

"बाळाला विचारून सांगते," म्हणून मी वॉर्डात आले.

मशीनवर ठोके ठीक होते. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी बरंच कमी दिसलं. प्रतिभाची सासू, सकूबाई, दाराशी उभीच होती.

"दवाई देऊन कायले काढता मॅडम? आमच्या घरी दिवस वर जातेतच. इचा नवरा तं धा महिन्याचा होऊन आला."

"सकूबाई, तलावाचं पाणी आटत चाललं तर मासोळी किती दिवस ठेवता आत?"

ती दार सोडून आत आली.

"मंग बसून काहून राह्यल्या? काढा ना लवकर!"

जे समजायला साहेबांना गुरुवार लागणार होता, ते तिला एका वाक्यात समजलं.

माझ्या घाईला एक कारण होतं. काही महिन्यांपूर्वी अशीच एक बाई शनिवारी आली होती. समिती नवीन होती, तेव्हा सोमवारी बसायची; मीही नियम पाळला. "सोमवारी या," असं मीच तिला सांगितलं. सोमवारी मी तिच्या पोटावर मशीन फिरवत राहिले आणि ती माझा चेहरा वाचत राहिली. ठोके नव्हते. त्याबद्दल मला एका ओळीचाही खुलासा कोणी मागितला नाही. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

मी प्रतिभाचा केसपेपर घेऊन परत साहेबांसमोर गेले.

"सर, यावर एवढंच लिहा. 'हालचाल कमी, पाणी कमी, तरी गुरुवारपर्यंत थांबावे.' खाली सही करा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. वर पंख्याकडे पाहिलं. टोपण परत लावलं.

"मी कुठं थांबा म्हटलं? क्लिनिकल निर्णय तुमचा आहे."

"आणि समिती?"

"समिती केवळ मार्गदर्शक आहे, मॅडम."

अर्ध्या तासापूर्वीपर्यंत ती बंधनकारक होती.

मी जेल लावलं. त्याने गर्भाशयाचं तोंड मऊ होतं. वनिता सिस्टरांनी ठोक्यांवरून लक्ष हटू दिलं नाही. बुधवारी सकाळी नऊला मुलगी झाली. पाणी हिरवट होतं, म्हणजे बाळाने आतच शी केली होती. ती लगेच रडली नाही. बालरोगतज्ज्ञ तिला पुसत होते, पाठ चोळत होते. वनिता सिस्टर माझा हात धरून उभ्या होत्या, मला ते नंतर कळलं. मग ती अशी ओरडली की बाहेर सकूबाईला ऐकू गेलं.

"आवाज तं पहा इचा! बाजारात बसवा लागते इले मासोळ्या विकाले!"

गुरुवारी समिती बसली. शुक्रवारी माझ्या टेबलावर एक पाकीट आलं, आत दोन पत्रं. पहिल्यात परवानगीविना इंडक्शन केल्याबद्दल खुलासा मागितला होता. दुसऱ्यात त्याच इंडक्शनला परवानगी दिली होती, 'रुग्णावर लक्ष ठेवावे' या अटीवर.

दोन्हींना मी एकच उत्तर पाठवलं: "लक्ष ठेवले आहे. वजन तीन किलो. दूध नीट पिते."

उत्तर फाइलला लागलं. समितीही अजून आहे, आता तिला चौथी सही जोडली आहे. नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगते: औषध का दिलं हे लिहावंच लागतं, तसं का थांबलो हेही कागदावर लिहा. लिहिताना पेन अडलं, तर थांबू नका.