मधली सॅक

पहिल्यांदाच बाइक टॅक्सी बोलावली, तेव्हा पर्स दोघांच्या मध्ये ठेवायची हे मी घरूनच ठरवून निघाले होते. अनोळखी माणसाच्या मागे बसायचं म्हणजे आम्हा बायकांची ही पहिली तयारी. हेल्मेटचा विचार नंतर.

तो आला. पंचविशीतला असेल, पोटावर सॅक अडकवलेला. मला पाहताच त्यानं ती काढून पाठीवर घेतली. "बसा ताई. सॅक मध्ये असू दे. तुम्हालाही बरं, मलाही."

मलाही? मी चमकलेच. मी त्याला घाबरते, हे मला ठाऊक होतं. तोही मला घाबरत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. माझी एक तक्रार, आणि त्याचं काम बंद.

तरी चौकातून त्यानं गाडी एका गल्लीत घातली, तेव्हा मी मोबाइलकडे पाहिलं. त्यावर दाखवलेला रस्ता हा नव्हता.

"इकडून का?" माझा आवाज चढला.

"पुढं खोदलंय, ताई." आरशात त्याचे डोळे दिसले. तेही माझ्याइतकेच धास्तावलेले.

म्हणे वाहनं वाटून वापरा, रस्त्यावरची गर्दी कमी होईल. होईल हो. पण दोघांमधलं हे वीतभर अंतर कसं कमी करायचं, ते कुणी सांगत नाही.

बँकेपाशी उतरले, पण हात सुटेना. अख्खा रस्ता मी त्याच्या सॅकचा पट्टा मुठीत घट्ट धरून बसले होते.