माहेरच्या चिठ्ठीचं कुलूप

माझी सून माहेरी जायची थांबली होती, कारण टॅबवर कुलूप दिसत होतं. आता हे वाक्य मला माझंच हसू आणतं. पण त्या वर्षी आमच्या घरात ते अगदी गंभीर चेहऱ्यानं बोललं जायचं, आणि सगळ्यात गंभीर चेहरा माझा असायचा.

गुलाबी बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी पोखरली ते वर्ष. बोंड बाहेरून गुबगुबीत, फोडलं की आत किडका कापूस. गावात माणसं यायची, बोंडं फोडून बघायची, फोटो काढायची, जायची. त्यातली एक संस्था मात्र टिकली. अळीचे पतंग पकडायला शेतात काठीवर टांगायचे सापळे तिनं आमच्या बचत गटाला दिले, आणि सापळ्यांसोबत एक टॅब दिला. सापळ्यांचा मला लवकरच कंटाळा आला. टॅब मात्र डोक्यात भिनला.

त्या टॅबमध्ये इंटरनेटवरची एक पाटी होती. तिचे तीन रकाने: करायचे, सुरू, झाले. कामाची चिठ्ठी तयार करायची, तिच्यावर माणसाचं नाव आणि तारीख टाकायची. काम झालं की ज्याचं नाव त्यानं ती 'झाले'मध्ये सरकवायची. दुसऱ्या कोणी बोट लावलं तर चिठ्ठी थरथरायची आणि परत जागेवर. ज्यांच्याकडे साधा फोन त्यांना मेसेज यायचा. उत्तरात एक आकडा पाठवला की चिठ्ठी आपोआप सरकायची. तारीख टळली की ती लाल. आणि एक चिठ्ठी दुसरीच्या मागे बांधता यायची, म्हणजे पुढची झाली नाही तोवर मागचीवर कुलूप. हे सगळं संस्थेच्या मॅडमनी महागावच्या प्रशिक्षणात जेवणाआधी शिकवलं. जेवणानंतर काय शिकवलं ते मला माहीत नाही. वांग्याची भाजी झणझणीत होती, वरून बुंदी होती, आणि पंखा नेमका माझ्या डोक्यावर होता.

मी गटाची सचिव. पन्नाशी उलटलेली, पण सासू म्हणून अगदी कोरी. लेकाचं लग्न आदल्याच उन्हाळ्यात झालेलं. नवी सासू आणि नवं यंत्र एकाच वर्षी एका घरात येऊ देऊ नये.

गटाची कामं पाटीवर टाकून झाली तरी माझं बोट शांत बसेना. मग मी घर टाकलं. पाणी भरणे, म्हशीची धार, भांडी, दळण. लेक जिनिंगवर कामाला, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, म्हणून तो वाचला. यजमान सापडले. ते अंगणात खाटेवर, मी चुलीपाशी. मी टॅबवर लिहायची, 'कडबा आणणे', की त्यांच्या खिशात टुंग. ते फोन काढायचे, हात लांब करून वाचायचे आणि तिथूनच विचारायचे, कोणाचा मेसेज होय. मी सांगायची, संस्थेचा.

"मंग त्यायले सांग, मी वावरात गेलो."

आणि पुन्हा आडवे.

त्यांच्या नावावरच्या चिठ्ठ्या जन्मतःच लाल असायच्या म्हणा ना. त्यांना त्याचं काही नव्हतं. एकदा मी तण काढायची 'डवरणी' त्यांच्या नावावर टाकली, तर म्हणाले, डवरा ओढतो बैल, मग नाव माझं कशाला, खोटं लिहू नये. मला ते पटलं. तेव्हा मला काहीही पटायचं. आमच्याकडे बैल एकच होता, तांबडा. शेजाऱ्यांच्या बैलाशी सावडीनं त्याची जोडी जुंपायची. त्या तांबड्याला मी पाटीवर सदस्य केलं. आडनाव आमचंच लावलं. मोबाइल नंबर मागितला, तर यजमानांच्या फोनमध्ये दोन सिमं होती. दुसरं बैलाला दिलं.

आणि नवल असं, की बैलाच्या नावावरची एकही चिठ्ठी लाल होईना. स्वतःच्या मेसेजकडे ढुंकून न बघणारा माणूस बैलाचा मेसेज आला की उठून बसायचा, काम उरकायचा, लगेच आकडा पाठवायचा. मी टोमणा मारला, तर म्हणाले, "त्याले काय बोलता येते? मुक्या जनावराच्या नावावर लाल नोको."

पुढच्या बैठकीत मॅडमनी वक्तशीर सदस्य म्हणून त्याचं नाव वाचलं. मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या. तो बैल आहे हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण टाळ्यांमध्ये कसं बोलणार, आणि टाळ्या थांबल्या तेव्हा चहा आला.

सून घाटंजीकडची. बारावी झालेली, कमी बोलणारी. कमी बोलते म्हणजे गरीब असेल, अशी माझी तेव्हाची अक्कल. तुळशीचं लग्न झालं तशी ती माझ्याजवळ आली. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. दोघीच बहिणी, आणि हीच करवली. हळद लागेल तेव्हा मी शेजारी बसलेली असेन, असं ती बहिणीला सांगून आलेली. म्हणाली, "आई, हळदीच्या आदल्या दिवशी गेलो तर चालन ना?"

मी म्हटलं, जाशील ना, पाटीवर टाकतो. आणि चिठ्ठी केली, 'सूनबाई माहेरी'. वेचणीचे दिवस होते. म्हणून ती 'वेचणी'च्या मागे बांधली. वेचणीवर नाव यजमानांचं. कुलपाचं चित्र आलं. केवढा न्याय केला, असं वाटून मी चहासुद्धा जास्त साखरेचा केला.

आता गोम अशी, की आमच्याकडे वेचणी कधी संपत नाही. पहिली होते, दुसरी होते, तिसरी होते, मग फरदड. म्हणजे पऱ्हाटी उपटायची नाही, तशीच उभी ठेवायची, आणखी चार बोंडं फुटतील या आशेवर. कृषी सहायक कानीकपाळी ओरडत होते, उपटा, तिच्यात अळी राहते. सगळे हो म्हणायचे आणि उभी ठेवायचे. त्या साली घरात कापूसच एवढासा आला होता, की पऱ्हाटीला हात घालायला कोणाचं मन होईना. शिवाय रीत. आमच्यात दिवा विझला म्हणत नाहीत, जाणारा 'जातो' म्हणत नाही, आणि उभ्या पिकाला सरलं म्हणत नाहीत. यजमानांच्या खिशात रोज टुंग वाजायचं, 'वेचणी झाली का?' आणि ते रोज फोन पालथा ठेवायचे.

कोणी म्हणेल, कुलूप टॅबवर होतं, दाराला नव्हतं. पिशवी भरायची आणि एसटीत बसवायचं. घरात हे कोणालाच सुचलं नसेल असं नाही. मला सुचलं नाही. मी बैठकीत सांगून आले होते, आमच्या घरी कुलूप मोडून कोणी काम करत नाही, आणि मॅडम ते गावोगाव सांगत होत्या. तेव्हा दोष माझा असणं शक्यच नव्हतं. दोष टॅबचा होता. बिघाड शोधायला हवा होता.

मी टॅब बंद करून चालू केला. काच सरकी काढलेल्या कापसानं पुसली. पाण्याच्या टाकीवर चढून रेंजमध्ये धरला. खालून सून म्हणाली, आई, उतरा, पडसान. खाली उतरून बोट दाबलं. चिठ्ठी थरथरली, परत जागेवर. मग मी मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड. तिनं विचारलं, बंद करून चालू केलं का. मी सांगितलं, टाकीवर सुद्धा केलं. ती म्हणाली, तक्रार नोंदवते. नोंदवली, ती आमच्याच पाटीवर. 'तक्रार निवारण' अशी नवी चिठ्ठी उगवली, माझ्या नावाची, आणि ती 'सूनबाई माहेरी'च्या पुढे बांधलेली. म्हणजे तक्रार मिटल्याशिवाय कुलूप उघडणार नाही, आणि तक्रार होती कुलूप उघडत नाही ही. सुनेनं ते वाचलं. पदर तोंडाला लावून ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली.

लग्न जवळ आलं. बाजाराच्या दिवशी मी टॅब पिशवीत घालून ढाणकीला गेले, सुनेला सोबत घेऊन. तिथं मोटार, मिक्सर आणि मोबाइल तिन्ही एकाच टेबलावर उघडणारा एक मिस्त्री होता. आमच्या विहिरीची मोटार त्याच्याच हातची. त्यानं टॅब हलवून कानाला लावला. मग कायकाय दाबलं. म्हणाला, "मावशी, घबरानेका नै. आपून डबल करून देतो. एक बिघडली तं दुसरी हाये ना."

त्यानं पाटीची नक्कल पाटीवरच उतरवली. आता सगळं दोनदा होतं. दोन दळणं, दोन धारा, दोन वेचण्या, दोन तक्रारी. 'सूनबाई माहेरी' दोन, आणि कुलपंही दोन. मी कपाळाला हात लावला. सून वाकून बघत होती. तिचा आवाज अगदी मवाळ.

"चालते आई. एकदा हळदीले जातो, एकदा मांडवपरतणीले."

मिस्त्री हसला. मी हसले नाही. सचिव हसत नसते.

घरी आल्यावर सून शेतात गेली, सासऱ्यांकडे. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. तिनं विचारलं, मामाजी, एक आकडा दाबाल का? ते म्हणाले, पोरी, तू आत्ता निघ, मी एसटीत बसवून देतो, पण उभ्या वावराले झालं म्हणायले मले नोको लावू. ती म्हणाली, तशी नाही जात. आई बैठकीत बोलून बसल्या, त्यांची मान खाली नाही गेली पाहिजे. हे ऐकून मला आजही कसंसंच होतं, आणि ती हे खरं बोलली की मला चिडवायला, ते मी अजून विचारलेलं नाही.

मग ती परत आली, टॅब मागितला, आणि वेचणीच्या चिठ्ठीवरच्या यजमानांच्या नावावर बोट ठेवून दाबून धरलं. नाव सुटलं. खाली सगळ्या सदस्यांची नावं उघडली. चिठ्ठी दुसऱ्याच्या नावावर करता येते, हे महागावला जेवणानंतर शिकवलेलं असणार. तिनं दोन्ही वेचण्या तांबड्या बैलाच्या नावावर केल्या आणि तारीख टाकली उद्याची.

संध्याकाळी यजमान हातपाय धूत होते. टुंग. दुसरं सिम. त्यांनी हात पुसले, फोन लांब धरला, वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि गोठ्याकडे बघितलं. बैल रवंथ करत होता.

"याच्या नावावर कोणं टाकली?"

"मी, मामाजी."

"उद्या रात्री लाल व्हईन."

"व्हईन ना."

ते ओसरीच्या कडेला जाऊन बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे पऱ्हाटी होती, हे मला कळत होतं. त्या चार बोंडांच्या आशेवरच तर ते रोज उठून वावरात जात होते. मी, जी दिवसभर सगळ्यांच्या खिशात टुंग वाजवायची, त्या वेळी मात्र गप्प राहिले. तेवढं एक शहाणपण मला त्या अख्ख्या वर्षात सुचलं.

उजाडलं तसं त्यांनी बैल सोडला आणि शेजाऱ्यांचाही मागून घेतला. दोन्ही वावरात मोकळे सोडले. बैलांनी पाला खाल्ला, बोंडं खाल्ली, किडकी-चांगली बघितली नाही. उरलेल्या पऱ्हाट्या यजमान लोखंडी चिमटा लावून उपटत गेले. त्यांच्या मागे सून, तिच्या मागे मी. आमचं वावर ते केवढंसं, मोकळं झालं तेव्हा ऊन चढलं होतं. त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली.

"मी काई झालं म्हणलं नाई. यानं म्हणलं."

आणि आकडा पाठवला. टॅबवर दोन्ही वेचण्या सरकल्या. मी धावत माहेरची चिठ्ठी बघितली. कुलूप तसंच. पुढे तक्रारी बांधलेल्या होत्या ना, माझ्या नावाच्या. मी पुन्हा मदतीचा नंबर लावायला निघाले, तर सून म्हणाली, "आई, तुमचंच नाव हाये. तुमची आता काई तक्रार हाये का?"

मी नाही म्हटलं. मग सरकवा, म्हणाली. मी बोट लावलं. चिठ्ठी थरथरली नाही. मुकाट्यानं गेली, मागून दुसरीही गेली, आणि कुलपं उघडली. तक्रार आली त्या दिवसापासून ती तशीच जाणार होती. मला वाटत होतं की तक्रार मिटवायची ती फोनवरच्या मुलीनं.

सून त्याच दुपारी गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलं, आणि तिच्या नावाची सगळी कामं मलाच दिसायला लागली, तीही डबल. मी फुरंगटून बसले होते. व्याह्यांचं बोलावणं आधीच येऊन गेलं होतं, पण एवढं सगळं झाल्यावर कोणत्या तोंडानं जायचं?

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर टुंग वाजलं. पोचलेल्या सुनेनं आकडा पाठवला होता, 'सूनबाई माहेरी' 'झाले'मध्ये गेली होती आणि तिच्या मागे सुनेनं बांधून ठेवलेली एक चिठ्ठी उघडली होती. नाव माझं. काम, 'आईनं हळदीले येणे'. तारीख आजची.

मी यजमानांना म्हटलं, अजी, मी गेले तर म्हशीकडे, घराकडे कोण बघणार? त्यांनी फोन दाखवला. घर सांभाळायची चिठ्ठीही तिनं टाकून ठेवली होती, बैलाच्या नावावर.

मी बरं लुगडं नेसले आणि एसटी पकडली. हळद लागली तेव्हा सून बहिणीच्या एका बाजूला होती, दुसऱ्या बाजूला मला ओढून बसवलेलं. माझ्या गालालाही तिनं हळद फासली, जरा जास्तच. लग्न लावून घरी परत आले तर अंगण झाडलेलं, म्हशीची धार काढलेली, भांडी पालथी घातलेली, आणि यजमान खाटेवर आडवे. मी टॅब उघडला. बैलाची चिठ्ठी वेळेच्या आधीच झाली होती.