विहीणबाईंच्या नाटकातला नवरा

"विहीणबाईंनी भर सभेत व्याह्यांना अरे-तुरे केले आणि अपमान सहन न होऊन व्याही वाचन अर्धवट टाकून निघून गेले." हे वाक्य सध्या ग्वाल्हेरात पाटणकर बाजारापासून इंदरगंजपर्यंत फिरते आहे. वाटेत त्याला शेपट्याही फुटल्या आहेत. बाडा चौकातल्या एका गृहस्थांनी तर मी कागद भिरकावल्याचेही 'पाहिले' आहे. ते व्याही म्हणजे मी. मी हयात आहे, माझी स्मरणशक्ती शाबूत आहे आणि जन्मभर वकिली केलेली असल्यामुळे ऐकीव पुराव्याची किंमत मला ठाऊक आहे. माझ्या सूनबाईंच्या मातोश्रींइतके छळवादी माणूस ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली दुसरे नाही, हे मी शपथेवर सांगेन. परंतु त्यांनी माझा अपमान केला, हे साफ खोटे आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. विहीणबाईंनी परदेशी लेखिकांची नाटके मराठीत आणून आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात वाचायला घेतली. लेखिकाच का, आणि परदेशीच का, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "आपल्याकडच्या बायका काय काय गिळतात, ते मी जन्मभर पाहिलंय, व्याहीसाहेब. तिकडच्या काय गिळत नाहीत, ते मला बघायचंय." यावर उलटतपासणी करण्याची माझी छाती झाली नाही. त्यांच्या वाचनाचे नियम न्यायालयाहून कडक. वाचन म्हणजे अभिनय नव्हे. हात मांडीवर, नजर कागदावर. पान उलटताना आवाज नको, बोटाला थुंकी तर नाहीच नाही. आणि मुख्य कलम असे की वाचनात कोणीही उठायचे नाही. "तो बाहेर जातो" हे फक्त ऐकायचे असते, जायचे नसते.

एका नाटकात तीन बहिणी बर्फात अडकलेल्या होत्या. वाचन होते ऐन मे महिन्यात, जेव्हा आमच्या गावात कावळेही उडण्याचा फेरविचार करतात. विहीणबाईंनी कूलर बंद करवला आणि सर्व वाचकांना शाली पांघरायला लावल्या. का, तर आवाजात थंडी यावी. दुसऱ्या प्रवेशात एका निवृत्त डॉक्टरांना घेरी आली. त्यांना वारा घालता घालता विहीणबाई समाधानाने म्हणाल्या, "बघा, गारठले!" दुसऱ्या एका वेळी मागच्या रांगेतून चिवड्याच्या पुडीचा आवाज आला, तेव्हा वाचन थांबवून त्यांनी विचारले, "नाटकातली बाई दोन दिवस उपाशी आहे, आणि तुम्हाला शेंगदाणे सुचतायत?" पुडी खिशात गेली. ती नाटक संपेपर्यंत बाहेर आली नाही.

या नाटकांतले नवरे वाचायला सभ्य माणूस सहसा तयार होत नाही. ते एक तर खोटे बोलत असतात, किंवा गप्प बसून खोटे बोलत असतात. म्हणून विहीणबाईंनी मला गाठले. "आपण वकील आहात, आपल्याला जड जायचं नाही." अशा रीतीने मी त्यांचा नवरा झालो आणि पहिल्याच तालमीत गाडी अडली. चौथ्या प्रवेशात बायको नवऱ्याला घराबाहेर काढते. विहीणबाईंनी वाचले, "आपण माझ्या घरातून चालते व्हावे." हे वाचताना डोक्यावरचा पदरही सावरला. मुलीच्या सासऱ्याला 'तू' म्हणायला त्यांची जीभ वळेना. इथल्या जुन्या दरबारी घराण्यांतल्या विहिणी व्याह्यांच्या सावलीलाही 'अहो' म्हणतात. मुलीचे काम वाचणारी आमची दोघांची नात म्हणाली, "आजी, ऐसे कौन लड़ता है? तू नवऱ्याला हाकलतेयस की पंगतीला बसवतेयस?"

"तू गप्प बस. व्याही आहेत ते."

"नाटकात नाहीत ना! तिथे तो झूठा माणूस आहे."

"तसे ते इथेही असू शकतात," विहीणबाई म्हणाल्या, "पण मान मान असतो."

सगळ्या तालमी अशा 'आपण'वरच झाल्या. प्रत्यक्ष वाचनाच्या संध्याकाळी मात्र चौथ्या प्रवेशात त्यांनी कागद खाली ठेवला, आयुष्यात प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिले आणि म्हणाल्या, "चालता हो. तू आत्ताच्या आत्ता चालता हो." मी उठलो आणि व्हरांड्यात जाऊन पाण्याच्या माठाशी उभा राहिलो. वाचन संपल्यावर विहीणबाई तरातरा बाहेर आल्या. "वाचनात कोणी उठत नाही, हे किती वेळा सांगायचं आपल्याला?" एवढेच त्या बोलल्या. अपमानाचा विषय तोवर त्यांच्या मनातही नव्हता.

तो घातला मंडळाच्या चिटणिसांनी. "ज्येष्ठ सभासदाचा मान राखण्यासाठी" वाचने बंद करावीत असे त्यांनी ठरवले. मला न विचारता माझा मान राखला. ज्या विहीणबाई चिटणिसांना एका वाक्यात गारद करतात, त्या या वेळी गप्प राहिल्या. मुलीच्या आईने मुलीच्या सासऱ्याला चारचौघांत दुखावले, हे ऐकताच त्यांचे सगळे परदेश गळून पडले. दोन आठवडे त्या आमच्या घरी फिरकल्या नाहीत. नात सांगत आली, "आजीने सगळे कागद बांधून माळ्यावर टाकलेत. म्हणते, व्याह्यांचा मान गेला, आता कशाला वाचायचं."

म्हणून हे लिहिणे प्राप्त आहे. मला 'तू' म्हणणारी माझी आई गेली, थोरले बंधू गेले, वर्गातला शेवटचा मित्र गेल्या हिवाळ्यात गेला. पत्नीने जन्मभर 'अहो'च म्हटले. आता तेही कानी येत नाही. सारे गाव मला 'साहेब' म्हणते. त्या संध्याकाळी त्या खुर्चीवर 'तू' ऐकले, आणि हा शब्द आपल्या कानावरून किती काळात गेला नाही, हे मला एकदम उमगले. म्हाताऱ्या माणसाने चष्मा पुसायला बाहेर जाणे याला अपमान म्हणत नाहीत. तरीही ज्यांना पुरावाच हवा असेल, त्यांच्यासाठी एकच सांगतो. काल सकाळी मी विहीणबाईंच्या घरी गेलो, माळ्यावरचे कागद नातीकडून खाली काढवले आणि पुढच्या नाटकातला नवराही मीच मागून घेतला.