आईची बाजू

माझे बाबा पत्र्याचं काम करतात. लोकांनी आपटून आणलेल्या गाड्या ठोकून सरळ करायच्या, हा आमचा घरचा धंदा. आईही तेच करायची, त्याच शेडमध्ये, त्यांच्या शेजारी उभी राहून. बाईमाणसाचं हे काम नाही म्हणणारे तिच्या हातातली हातोडी बघून पुढचं वाक्य गिळायचे.

एका हौशी साहेबांनी दोन सीटची, वजनाला अगदी हलकी अशी शर्यतीची गाडी बनवायला घेतली. सांगाडा आणि इंजिन त्यांचं, वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा आमचा. त्यांना भारी घाई, म्हणून आईबाबांनी गाडी मधोमध वाटून घेतली. उजवी बाजू बाबांची, डावी आईची. बाबांचा हात कडक, आईचा हलका. त्यामुळे तिचं मडगार्ड किंचित भरलेलं दिसायचं, तेही सांगितलं तरच.

"तुझी बाजू फुगलीये. माझ्यासारखी कर," बाबा म्हणायचे.

"तुमचीच खंगलीये. जरा खाऊपिऊ घाला तिला," आई म्हणायची आणि आपली बाजू तशीच ठेवायची.

साहेब ती गाडी 'मी बनवली' म्हणून मिरवत फिरले. त्यांच्या हाताला साधा फोड आला नव्हता, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

पुढे आई गेली. बाबा घरी रडले नाहीत, आणि मला त्याचा फार राग आला. मग कळलं की ते काहीतरी निमित्त काढून साहेबांकडे जातात आणि डाव्या मडगार्डवर हात फिरवून येतात.

ते असेच तिथे गेलेले असताना शर्यतीचा व्हिडिओ गेम बनवणारी माणसं गाडीचं मोजमाप घ्यायला आली. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "दोन्ही बाजू सारख्याच आहेत ना? मग उजवी मोजतो. तीच आरशातल्यासारखी उलटी करून डावीकडे लावू."

आमच्या धंद्यात परक्या माणसासमोर दोन बाजूंत फरक आहे, असं कुणी मेलं तरी म्हणत नाही. ते म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापणं. बाबा छाती काढून म्हणाले, "केसाचाही फरक नाही."

त्यानंतर साहेबांनी गाडी भिंतीवर घातली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. गाडी मात्र त्यांनी कुणाला न विचारता भंगारात दिली. बाबा धावत गेले, तोवर पत्रा भट्टीत गेला होता.

आता तिची बाजू राहिली होती ती फक्त त्या गेममध्ये. तो बाजारात आल्याबरोबर मी विकत आणला. बाबा धुतलेला शर्ट घालून टीव्हीसमोर बसले.

"डावीकडून दाखव."

मी गाडी फिरवली. ते पुढे सरकले. पडद्याकडे गेलेला हात त्यांनी मध्येच मागे घेतला.

"ही उजवी आहे. हे ठोके माझे आहेत."

"बाबा, ही डावीच आहे."

"डावी माझ्या हातची नाही!" ते ओरडले. आणि मग त्यांना आठवलं. काय आठवलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"मीच म्हणालो होतो त्यांना," ते हळूच म्हणाले. "जन्मभर तिच्या मागे लागलो होतो, माझ्यासारखी कर म्हणून. झाली बघ."