चार मिनिटांचं रीळ

जपानमधल्या सेंदाई शहरात माझ्या सकाळच्या बसमध्ये एक हंगेरियन म्हातारे गृहस्थ सलग आठ दिवस मांडीवर कॅमेरा घेऊन बसत, पण शूटिंग करत नसत. हातात फक्त स्टॉपवॉच. नवव्या दिवशी मी न राहवून विचारलं.

ते सिनेमाचे दिग्दर्शक होते. मायदेशी अकरा वर्षं त्यांना कुणी काम दिलं नव्हतं. इथे ते स्वतःच करत असलेल्या सिनेमासाठी आता एकच कोरं रीळ उरलं होतं, चार मिनिटांचं. बसचं दार मिटल्यापासून वाटेतला पूल संपेपर्यंतचा सलग शॉट त्यांना हवा होता. स्टॉपवॉच मात्र रोज चार मिनिटं दहा सेकंद दाखवायचं, कारण सगळे प्रवासी बसल्याशिवाय इथला ड्रायव्हर गाडी हलवत नाही.

"मग पूल थोडा कमी दाखवा की," मी म्हणालो.

"अहो, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अर्धा पूल दाखवू?"

दहाव्या दिवशी सगळे पटापट बसले. त्यांनी कॅमेरा उचलला. दार मिटणार तोच त्यांच्याच वयाच्या एक बाई काठी टेकत चढल्या. त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, बाईंना हात देऊन बसवलं आणि मला म्हणाले, "उद्या."

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, तरी मी गेलो. दार मिटताच त्यांनी कॅमेरा सुरू केला. पूल संपला तेव्हा माझ्या घड्याळात तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद झाले होते.