आवरलेल्या घराचं नुकसान

आमच्या धाकट्याला ओलं कापड बघवत नाही. एखाद्याला रक्त बघवत नाही ना, तसं. कुणाच्या गॅलरीत धुण्याचा पिळा तसाच पडलेला दिसला, तर हा बोलता बोलता तो उचलणार, झटकणार आणि दोरीवर टाकणार, मग ते घर वैऱ्याचं का असेना. लोक त्याला इस्त्रीभाऊ म्हणतात. माझा सख्खा भाऊ. त्याच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही आणि त्याच्याइतका बावळटही नाही. दोन्ही एका अंगात कसं मावतं ते देवाला ठाऊक.

लाँड्री मूळची आईची. वडील गेल्यावर तिनं लोकांचे कपडे धुवायला घेतले, त्यावर आम्हा दोघांना वाढवलं आणि पुढे कोपऱ्यावर दुकान घातलं. "ओलं पडू द्यायचं नाही आणि चुरगळलेलं दाखवायचं नाही," हा तिचा कायदा. मी तो या कानानं ऐकला आणि त्या कानानं सोडला. धाकट्यानं मात्र गिरवला. गिऱ्हाइकाच्या खिशात चुकून राहिलेली नोट तो इस्त्री करून परत देतो. थट्टा नाही करत, खरंच देतो.

आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आडवी असताना तिनं कमरेतून उठायचं नाही. म्हणून धाकट्यानं साठवलेलं सगळं मोडून बटणाचा पलंग आणला. बटण दाबलं की डोक्याकडची बाजू हळूहळू वर येते, मग आई पाय खाली सोडून आपली आपण उभी राहायची. कुणाला हाक मारायला नको, कुणाच्या गळ्यात हात टाकायला नको. आल्यागेल्याला ती बटण दाबून दाखवायची. त्याच सुमारास कुणीतरी फारच गळ घातली म्हणून धाकट्यानं घरातल्या सामानाचा विमाही उतरवला. आयुष्यात त्यानं केलेला हा एकमेव दूरदर्शीपणा, आणि त्यावरही त्यानं स्वतःच पाणी ओतलं.

झालं असं. आई चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. धाकटा दुकानात. त्याच्या वरच्या मजल्यावरचे काका परगावी, आणि त्यांच्या न्हाणीघरातला पाइप फुटला. दुपारभर पाणी छतातून खाली गळत राहिलं. पडदे, कपाट, गाद्या, टीव्ही, आईचा पलंग, काही म्हणून सुटलं नाही. संध्याकाळी यानं दार उघडलं तर घोट्याइतकं पाणी.

आता शहाणा माणूस काय करेल? दोन फोटो काढेल, कंपनीला फोन करेल आणि कपाळाला हात लावून दारात बसेल. आमच्या शहाण्यानं फोन केला, नाही असं नाही. पण त्यांचा सर्व्हेअर यायला वेळ होता, आणि घरभर ओलं कापड पडलेलं. मग काय विचारता. यानं पाणी उपसलं, सगळं दुकानात नेऊन धुतलं, वाळवलं, इस्त्री केली, घड्या घालून कपाटात लावलं. पडदे परत टांगले. कुजक्या गाद्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या आणि दुकानातली एक जुनी गादी आणून आईच्या पलंगावर घातली. पलंगाची मोटर जळली होती, शॉक बसेल म्हणून ती वायरमनकडून काढून भंगारात देऊन टाकली. वर कडक इस्त्रीची चादर, चारी कोपरे आत खोचलेले.

सर्व्हेअर आला तेव्हा घर असं लखलखत होतं की पाहुणे येणार असावेत. त्यानं विचारलं, "नुकसान कुठे आहे?" यानं कपाट उघडून इस्त्रीच्या घड्या दाखवल्या आणि म्हणाला, "हे सगळं भिजलं होतं." पलंगाची मोटर जळल्याचं यानं सांगितलं, तेव्हा त्यानं ती दाखवा म्हटलं, तर हा म्हणाला, "भंगारात." वर त्याला चहा पाजला.

महिन्याभरानं पत्र आलं. नुकसान किरकोळ, पलंग सुस्थितीत, दावा फुगवलेला. रक्कम मंजूर केली होती ती पडद्याच्या दांड्यांनासुद्धा पुरली नसती. माझा पारा असा चढला म्हणता! धाकट्याला फोनवर मनसोक्त झापलं. "फोटो तरी काढायचास!" म्हटलं. तो म्हणाला, "ताई, हात कोरडे कुठे होते?"

इकडे आई माझ्याकडे अडकली. चार दिवसांचे महिने झाले. माझ्या घरी साधा पलंग. सकाळी तिला उठवायचं म्हणजे मी एका बाजूनं, आमचे हे दुसऱ्या बाजूनं, आणि मधे आई डोळे मिटून. ती कधी कुरकुरली नाही. उठवेपर्यंत पडल्या पडल्या तळहातानं चादरीच्या सुरकुत्या काढत राहायची, हात पोचेल तेवढ्याच. मधूनच विचारायची, "पलंगाचं काही कळलं का गं?" मी म्हणायचे, "कळेल." दुसऱ्या खोलीत जाऊन मग मी त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

मी तर थेट कोर्टातच जायला निघाले होते. धाकट्यानं मला त्याच्या गिऱ्हाईक वकीलबाईंकडे नेलं. त्यांचे काळे कोट हाच इस्त्री करतो. त्या म्हणाल्या, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे मी वकील असून सांगते. आधी कंपनीकडेच तक्रार करा. त्यांनी ऐकलं नाही, तर विम्याची भांडणं ऐकणारे लोकपाल आहेत, तिथे फी लागत नाही. तिथेही नाहीच जमलं, तर कोर्ट कुठे पळून जात नाही." मग धाकट्याकडे बघून म्हणाल्या, "आणि खाली मान घालून बसू नका. नुकसान वाढू नये म्हणून आवरलंत, तो गुन्हा नाही. ते तर तुमचं कामच होतं."

कंपनीला तक्रार केली. पालथ्या घड्यावर पाणी. तेच पत्र पुन्हा आलं, फक्त तारीख नवी. मग लोकपालांकडे गेलो.

तिथे एक मॅडम होत्या, पिकल्या केसांच्या, शांत. समोर कंपनीचे साहेब आणि तोच सर्व्हेअर. साहेब सफाईदार बोलत होते. धाकट्याला विचारलं की तो "हो" म्हणायचा आणि मूग गिळून बसायचा. वायरमनचं लेखी निवेदन आम्ही नेलं होतं, पण साहेब म्हणाले, ओळखीचा माणूस काय, काहीही लिहून देईल. मी तोंड उघडलं तर मॅडमनी हातानंच थांबवलं. मला वाटलं, गेलं सगळं. आई आता कायमची माझ्याकडे, दोघांच्या खांद्यावर.

तेवढ्यात बोलण्याच्या भरात साहेबांच्या हाताचा धक्का लागून पाण्याचा ग्लास टेबलावर आडवा झाला. आम्ही सगळे नुसते "अरे अरे" करत राहिलो. धाकटा कधी उठला कळलंच नाही. रुमालानं पाण्याची धार अडवली, साहेबांची फाइल उचलली, ओले कागद सुटे करून खिडकीच्या कट्ट्यावर पसरले, उडू नयेत म्हणून त्यावर स्वतःचा चष्म्याचा डबा ठेवला. ज्या कागदांत त्याला खोटा ठरवलं होतं, तेच कागद. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडे बघताहेत, आणि तो ओशाळून खाली बसला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "घरीही असंच केलंत?"

"हो," धाकटा म्हणाला. "ओलं होतं ना."

मॅडम सर्व्हेअरकडे वळल्या. "पलंगाचं बटण दाबून पाहिलंत?"

"पलंग व्यवस्थित अंथरलेला होता, मॅडम."

"मी बटणाचं विचारलं. चादर तरी उचललीत?"

मॅडमनी पुन्हा पाहणी करायला लावली, दुसऱ्या माणसाकडून, गादी उचलून. धाकट्याला बजावलं, "तोवर त्या खोलीत कशालाही हात लावायचा नाही."

जित्याची खोड, ती अशी कुठे जाते! मी त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. हा रोज फोन करून विचारायचा, "ताई, नुसती धूळ पुसली तर चालेल का?" मी नाही म्हणायचे.

नवा माणूस आला, त्यानं गादी उचलली. खालची फळी पुरीसारखी फुगलेली, सांध्यांना गंज, आणि मोटरच्या जागी जळक्या वायरींची टोकं. त्यानं सगळे फोटो काढले. पुढच्या तारखेला कंपनीनं पलंगाचे पूर्ण पैसे देऊ केले, बाकी सामानाचे मात्र अगदी नावाला, कारण ते वापरण्याजोगं होतं. वापरण्याजोगं केलं कुणी? मी म्हटलं, सही करायची नाही, आता कोर्टच. वकीलबाई म्हणाल्या, नाकारायचा हक्क आहे तुम्हाला, पण वर्षं जातील.

धाकटा म्हणाला, "ताई, आईला उठता येत नाहीये."

मी गप्प बसले. आमच्या खानदानात हे पहिल्यांदाच घडलं असेल. त्यानं सही केली.

नवा पलंग आला, आई तिच्या घरी गेली. पहिल्या रात्री मी सोबतीला राहिले. सकाळी तिला उठवायला म्हणून लगबगीनं खोलीत शिरले, सवयीनं दोन्ही हात आधीच पुढे. आई पलंगाशेजारी उभी होती. एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातानं चादर ताणून कोपरा खोचत होती. मी हात तसेच पुढे धरून उभी राहिले.

"नुसती उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. "ते दुसरं टोक ओढ."

मी ओढलं. सुरकुती राहिली, म्हणून तिनं वळसा घालून येऊन ते पुन्हा स्वतः ओढलं.